शेंदरी रंगाचा डबा

सिंदी (रेल्वे),
घटस्थापनेनंतरचा सोमवार, २००३

चि. कैलासले,

रूपराव भाऊजीचा पोटभर आशीर्वाद. तुह्या ताईचे गुडघे सोडले तर इकडे कोणाचीच कुरकुर नाई. तुही तब्येत कशी हाये हे मी या वेळी विचारत नाई, कारण मागच्या पत्रात विचारलं अन् तू पोस्टकार्डाचंही तोंड दाखवलं नाई. आई सांगत होती का तू जेवणाचं ताट घेऊन मागच्या खोलीत जातो अन् दार लोटून घेतो. डाव्या हातानं घास सांडते म्हणून. अरे बाबू, माह्या तर धडधाकट उजव्या हातानं सांडते, ताईले विचार. (तिनं माह्या सगळ्या सदऱ्यावरचे वरणाचे डाग जपून ठेवले हायेत.) तुह्या पुलगावचं कोणी भेटलं का मी पह्यले तुहंच विचारतो. तू घराबाहेर निघत नाई म्हणतात. मले लय वाईट वाटते.

आता कारखान्याचं ऐक. लेथवर तुह्या उजव्या हाताचं तसं झाल्यावर प्रभाकरराव शेठनं सेफ्टी पॉलिसी आणली. खरं म्हणजे त्याच्या सुनेनं, गुंजननं आणली. नागपूरले इंजिनिअरिंग शिकलेली पोरगी, मोठी गुणाची. तिनं आमाले सगळ्याईले अंगणात उभं केलं अन् सांगितलं का आता रिस्क असेसमेंट करायचं, म्हणजे कोणती मशीन कुठं चावते ते पाह्यचं. ज्याची मशीन, त्यानंच चावणाऱ्या जागी रंगाचा ठिपका लावायचा. जिथं ठिपका, तिथं झाकण बसवून भेटन. ठिपका नाई तर झाकणही नाई, असं शेठनं मधात तोंड घातलं. इतकं सोपं काम, पण आमच्या हाती आलं ना!

एक तर खंडेनवमी तोंडावर. ज्या मशीनले दरवर्षी हार घालतो, जिच्यासमोर नारळ फोडतो, तिले नवरात्रात चावरी म्हणायचं कोणी? मंग ड्रिलवाल्या किसनरावनं पाण्याच्या माठाजवळ ठिपका लावला (पाय घसरते म्हणे). मी माह्या स्टुलाले लावला, त्याचा खिळा वर आला हाये, पँट फाटते. गुंजननं हिंडून पाह्यलं तर अख्ख्या कारखान्यात धोक्याच्या वस्तू निघाल्या त्या एक माठ, एक स्टूल अन् शेठची खुर्ची (तिले कोणी ठिपका लावला, देव जाणे). जिनिंगचे रोलर बनवणारा कारखाना, पण भजनी मंडळाची खोलीही याच्यापेक्षा धोक्याची असन.

पोरीनं कपाळावर हात मारला अन् ब्रश घेऊन सोताच ग्राइंडरच्या चाकाजवळ भला मोठा ठिपका काढला. पण घोळ असा का दुकानात लाल रंग संपलता, अन् शेठनं शेंदरी डबा आणलता. दुसऱ्या दिवशी झाडूवाली देवकाबाई आली, शेंदरी ठिपका पाह्यला, चपला काढल्या अन् जास्वंदाचं फूल वाह्यलं. मंग कोणी उदबत्ती लावली. मंग नारळ आला. आधी ग्राइंडरजवळ कामाशिवाय कोणी फिरकत नव्हतं. आता जिथं हात घालू नये म्हणून ठिपका, तिथंच हात घालून जो तो फूल ठेवून राह्यला! किसनराव तर चालू चाकासमोर वाकून कुंकू वाहत होता. गुंजन अशी ओरडली का शेठ तोंडात पोह्याचा घास घेऊन धावत आले. किसनराव म्हणते कसा, "चाक चालू होतं म्हणून तर मी डोळे मिटले नाई, सूनबाई."

आमी खदखदून हासलो. पोरगी काही हासली नाई. माह्या त्या धोक्याच्या स्टुलावर बसली अन् रडाले लागली. म्हणे, "काका, कैलासभाऊ ओरडले तेव्हा मी माडीवर होती. तो आवाज माह्या कानातून जात नाई." मंग कोणाले हासू आलं नाई. मी तुह्या बाजूच्याच मशीनवर होतो, कैलास. माह्याही कानातून जात नाई.

ग्राइंडरले झाकण लागलं. आता एकएक जण हळूच खरे ठिपके लावून राह्यला. फक्त तुही लेथ तशीच हाये. तिच्यावर गोणपाट टाकलं हाये, खुंटीले तुहा रुमाल अजून लटकून हाये, देवकाबाई तिथून झाडूही लांबूनच फिरवते. ज्याची मशीन त्याचा ठिपका, दुसरं कोणी हात लावत नाई. खंडेनवमीले तिची पूजाही तुह्याच हातची. म्हणून म्हणतो, नवमीले येजो. ठिपका लावजो, नारळ फोडजो, ताई पाटोडी करून राह्यली ते खाजो अन् वाटलं तर संध्याकाळच्या गाडीनं परत जाजो.

आईले नमस्कार सांगजो.

तुहा भाऊजी,
रूपराव

ता. क. : दसऱ्याले सोनं द्या-घ्याची तुले धास्ती हाये, मले समजते. उजवा हात सगळ्याईसमोर पुढं करा लागते. तू डाव्यानं दे. मी दोन्ही हातानं घेईन. कोणी टक लावून पाह्यलं तर त्याले माह्या स्टुलावर बसवतो.

आणखी एक : येणं नाई जमलं तर नको येऊ, मी काही जबरदस्ती करत नाई. दसऱ्यानंतर शेठ तुही लेथ चालू करून राह्यले, तिच्यावर माणूस ठरला हाये. काम काही अडत नाई.

शेवटचं : तो माणूस मीच. माही जुनी लेथ भंगारात चालली. ताईले मी सांगितलं का मोठ्या मशीनवर घेतलं मले. तिनं गल्लीत पेढे वाटले. ब्रश घेऊन मी तुह्या मशीनजवळ गेलतो, दोनदा गेलतो, पण ते गोणपाट माह्यानं उचललं जात नाई. अन् ठिपक्याबिगर शेठ झाकण देत नाई. इतकं हासवलं तुले, पण खरं सांगू का, मले लय भेव लागते रे. ताईले बोलू नको. तू ये. डबा मी धरतो, ठिपका तू लाव.