सात पाण्यांचं आवतन

बय, तुझा धवला परवा ग्रामसभेत गायला गेला. लग्नाच्या मांडवात नाही, ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सरपंच आणि ग्रामसेवकाच्या समोर. गायला तुझ्या सुनेने. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तेवढ्या वर्षांत मी, तुझ्या लेकीने, तुला एक ओळ लिहिली नाही. आज बसले आहे ती तुझी आठवण दाटून आली म्हणून नाही, पोटात दुखतंय म्हणून. माझा स्वभाव तुला ठाऊक होताच, तेव्हा उगाच गोड सुरुवात करत नाही.

अजून डोळ्यांपुढे आहे ते असं: मी तेरा वर्षांची आहे. तू चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापते आहेस आणि थापता थापता आवतनाचा धवला म्हणते आहेस. गावात कुणाचंही लग्न निघालं की धवलारीण म्हणून तुलाच बोलावणं यायचं, आणि आदल्या दिवशी तू हाच धवला आधी घ्यायचीस. त्यात पहिलं बोलावणं देवांना, मग वेशीला, मग गावच्या सात पाण्यांना एकेकाचं नाव घेऊन, आणि सगळ्यात शेवटी माणसांना. मी शंभरपानी वहीत ते उतरवून घेते आहे. दोन ओळी झाल्यावर मला राहवलं नाही, मीही तोंड उघडलं. तू हात थांबवलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तुज्या गल्यान सूर न्हाय गो. हातान अक्षर हाय, तू लिव." रागावून नाही, भाकरी उलटावी इतक्या सहज. त्यानंतर तुझ्यासमोर मी कधी गायले नाही, एकटी असतानाही नाही.

मग वहिनी आली, अकलोलीकडची, अठरा वर्षांची, धड सही न येणारी. दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही दोघी चुलीशी एका सुरात. मी माहेरपणाला आले की तू मला मासळी तळून घालायचीस आणि धवले तिला शिकवायचीस. सासू-सुनेचं इतकं पटतं म्हणून आळीतल्या बायका कौतुक करायच्या आणि माझ्या अंगाची आग व्हायची. नवरा गेल्यावर मी परत याच घरात आले. भिवंडीत लूमच्या कारखान्यात शिफ्टची हजेरी लिहिते. म्हणजे तू सांगितलंस तेच करते आहे अजून.

आता तलावाचं ऐक. दिघाशीच्या अलीकडे रस्त्याला लागून तू भात लावायचीस ती शेतं राहिली नाहीत, तिथे गोदामं झाली. पत्रे तापतात, वारा येतो तो भट्टीसारखा, बोअरला पाणी लागत नाही. उरला होता एक तलाव. त्यातही भराव टाकून गोदाम करायचा अर्ज पंचायतीकडे आला. तालुक्याहून एक मॅडम आल्या, त्यांनी पडद्यावर तक्ते दाखवले, हवामान बदलाबद्दल तासभर कळकळीने बोलल्या. समोर अकरा बायका होत्या, त्यातल्या चार पेंगत होत्या. अर्जाचा निकाल लागणार होता ग्रामसभेत, आणि ग्रामसभा म्हणजे पुरुषांनी जायचं आणि बायकांनी घरी अंगठा द्यायचा, हे आपल्याकडे तुझ्या वेळेपासून चालत आलेलं. मॅडम गेल्यावर वहिनी म्हणाली, "असं कोन येनार? आवतन दिल्याबिगर बायका कंदी कुठं जातात काय?"

दुसऱ्या दिवशी तिने हळदीच्या अक्षता केल्या आणि संध्याकाळी माझ्यापुढे येऊन बसली. तुझ्या सात पाण्यांपैकी तिला पाचच आठवत होती. म्हणाली, "वन्स, तुमच्या वहीन बघा ना जरा." वही माझ्या ट्रंकेत होती, अजून आहे. मी म्हटलं, वाळवीने खाल्ली. बय, जीभ जरासुद्धा अडखळली नाही. तुझा गळा तिला मिळाला, तुझा शेजार तिला मिळाला, ती दोन नावं तरी माझी असू देत, असं मनात आलं. तलाव त्या वेळी मला दिसतसुद्धा नव्हता.

तिला वाटलं असेल ते वाटलं, ती उठली आणि घरोघर विचारत सुटली. अक्षता उंबऱ्यावर ठेवायची आणि म्हातारीला विचारायचं, तुमच्या माहितीतलं पाणी कुठलं? एकीने सांगितली कुंभारांची विहीर, आता ती गोदामाच्या फरशीखाली आहे. एकीने गोठणीवरचा डोह सांगितला. सात पाण्यांची चौदा झाली. आणि मेख अशी की जिने पाणी सांगितलं तिला सभेला यावंच लागलं, आपलं पाणी बरोबर घेतात का ते ऐकायला. ती एकटी कशी येणार, तर सुनांना घेऊन आली. आवतन दिलेल्या घरातून माणूस आलं नाही तर गावात तोंड कुठे दाखवणार? वही दिली असती तर सातच नावं झाली असती आणि शेड निम्मी रिकामी राहिली असती, हे मला कळतंय. त्याचाही आनंद होत नाही.

परवा शेडमध्ये बसायला जागा नव्हती. वहिनीने तलावाला नवरी केलं, चौदाही पाणी तिच्या लग्नाला बोलावली, आणि बायका धवला झेलतात तशा मागून झेलत गेल्या. जी पाणी आता नाहीत त्यांच्या नावाला आवाज खाली यायचा. मग तिने विचारलं, नवरी कुणाला द्यायची, भराववाल्याला? ग्रामसेवक लिहायचा थांबला होता. सरपंच म्हणाले, "ठराव मांडा. भराव नको म्हननाऱ्यांनी हात वर करा." पुरुषांनीही केले. मी मधल्या रांगेत होते. माझ्या कानात तुझाच आवाज होता आणि तो तिच्या गळ्यातून येत होता.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी करून ठेवेन. एवढं मात्र तुला सांगायचं राहिलंय. सगळ्यांचे हात वर होते तेव्हा माझा मांडीवर होता. तलाव बुजावा असं माझ्या मनात नव्हतं गं, हात जाईना एवढंच. ठराव माझ्यावाचून झाला. रात्री जेवायला वाढताना वहिनी म्हणाली, "वन्स, मी लय घाबरलेली. तुमचा हात पयला वर गेलेला बघितला, मंग धीर आला."

मी म्हटलं, हो.