उलटी कृती

३ फेब्रुवारी, मंगळवार

गेले एकदाची त्या वर्गाला! ताई दारापर्यंत सोडायला आली आणि मी आत पाऊल टाकेपर्यंत तिथेच उभी राहिली. मी पळून जाईन असं तिला वाटलं असणार. वाटलं ते काही चूक नव्हतं.

गोल मांडलेल्या खुर्च्या. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून लहान दिसतात. मनावरच्या या उपचाराचं नाव डीबीटी. बाई म्हणाल्या, 'इथे कुणाला थंड करायचं नाहीये. भावना जोरात येणारच. आल्यावर काय करायचं, ते शिकायचं.' शेजारी एक काका, निवृत्त बसड्रायव्हर. ते पुटपुटले, 'म्हणजे गाडी बंद नाही करायची. ब्रेक शिकायचा.'

घरी ताईने विचारलं, 'कसं झालं गं?' तिच्या त्याच मऊ आवाजात. ताई कधी आवाज चढवत नाही. वाटणीत सगळा राग मला आला आणि सगळा समजूतदारपणा तिला.

५ फेब्रुवारी

गृहपाठ केला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

लिहून टाकते. डिसेंबरात नवऱ्याने फोनवर सांगितलं, 'आता परत येऊ नकोस.' त्या संध्याकाळी ताईच्या बाथरूमची कडी मी आतून लावून घेतली. भावोजींनी खांद्याने दार तोडलं, म्हणून आज लिहितेय. हातावरची जखम भरली. दार नवीन बसलं – कडी नाही. मी अंघोळीला गेले की ताई बाहेर काहीतरी आवरत असते. तिथे आवरण्यासारखं काहीही नाही!

१७ फेब्रुवारी

नवा धडा – डोकं फिरलं की गार पाण्यात तोंड बुडवायचं, श्वास रोखून. घरी बादलीत करून पाहिलं. मागून भावोजी किंचाळले, 'अगं, काय करतेस!' चेहरा पांढराफटक. मी तशीच, नाकावरून पाणी गळतंय – 'गृहपाठ!'

दोघंही हसत सुटलो. या घरात मी आल्यापासून पहिल्यांदाच.

२४ फेब्रुवारी

आजच्या धड्याचं नाव 'उलटी कृती'. ड्रायव्हरकाका म्हणाले, 'सकाळी सकाळी उलटी नको हो!' बाईंनाही हसू आवरेना.

गोष्ट अशी – भावना एक करायला सांगते. आधी बघायचं, तिचं म्हणणं खरं आहे का. आणि तिचं ऐकून आपलंच वाटोळं होणार असेल, तर बरोबर उलटं करायचं. शरम म्हणते लप. तर समोर जायचं. बोलायला सोपं आहे!

२ मार्च, सोमवार

आज उलटी कृती जमली!

कामावर, आमच्या दातांच्या लॅबमध्ये, मी बनवलेली कवळी डॉक्टरांकडून परत आली. फोनवर म्हणाले, 'आजींचे वरचे-खालचे दात जुळत नाहीत. जरा लक्ष देऊन करत जा.' शेजारच्या टेबलाशी काम करणारा काटकोन सगळं ऐकत होता. (फार ताठ बसतो, म्हणून हे नाव.) कान तापले. कवळी भिंतीवर फेकायची, हे हाताने परस्पर ठरवून टाकलं होतं.

उठले. नळाखाली तोंड धरलं, बराच वेळ. मग परत येऊन साचे पाहिले. डॉक्टर बरोबर होते. वरचा साचा मीच कलता बसवला होता.

पूर्वी इथून पुढचा रस्ता ठरलेला – चुकले, म्हणजे मी नालायक, म्हणजे मी कुणालाच नको. आजही मन त्याच वळणाला लागलं. घरी पळावंसं वाटलं. म्हणून फोन उचलला. 'डॉक्टर, चूक माझी आहे. उद्या नवीन देते.'

'बरं. दुपारपर्यंत दे.'

एवढंच! आभाळ होतं तिथेच. काटकोनाने माझ्यापुढे चहा सरकवला, तोही वाकून. तो वाकतो!

१० मार्च

भावोजींनी बाथरूमला कडी बसवली. आत गेले, लावली. ताईची पावलं दाराशी आली, थांबली, आणि निघून गेली. मग मी पोटभर अंघोळ केली.

१९ मार्च, गुरुवार

नवऱ्याचा फोन. 'तुझं सामान घेऊन जा. खोली रिकामी हवीय.'

बाई सांगतात, आधी नाव द्या. राग म्हणून बघितलं, बसेना. भीती होती – एकटी पडेन याची. नाव दिल्यावर गेली नाही, पण अंगावर यायची थांबली. बाईंना फोन केला. मग ताईच्या शेजारी जाऊन बसले आणि रडले. दार सताड उघडं.

शनिवारी भावोजी आणि मी सामान आणणार.

२८ मार्च

ताई आज माझ्यावर ओरडली! ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून. 'किती वेळा सांगायचं गं? मी काय तुझी मोलकरीण आहे?' आवाज थेट जिन्यापर्यंत. भावोजींचा पेपर खाली आला. मग तीच दचकली. तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

मला काही झालं नाही. टॉवेल वाळत घातला.

म्हणजे तिचा आवाज मऊ नव्हताच कधी. इतकी वर्षं ती मला भीत होती.

दुपारी पुन्हा ओरडली. कशावरून, ते आता आठवतही नाही.