फाटकं चित्र आणि उशिराची गोळी

सोमवार, ४ नोव्हेंबर २०१९, कुओपिओ, फिनलंड

कम्प्युटरवरच्या गोळीबाराच्या खेळात, संघाच्या सरावात पुन्हा हरलो. दोष स्क्रीनचा. जोरात वळलो की चित्र मधोमध फाटतं. शत्रूचं डोकं इकडे, पाय तिकडे, आणि मी नेमका मधल्या फटीत गोळी घालतो. आमचा कॅप्टन इल्पो म्हणाला, सगळ्यांचंच थोडंफार फाटतं रे. फाटत असेल. त्यांची नजर माझ्याइतकी बारीक नाही.

जाताना म्हणाला, शनिवारच्या सामन्यानंतर सौनाला ये, आपण दोघंच. इल्पो वाईट बातमी सौनातच देतो, कारण त्या वाफेच्या न्हाणीतून उघडा माणूस रागारागाने तसाच रस्त्यावर जाऊ शकत नाही. मागच्या वर्षी संघातल्या आर्वोला बोलावलं होतं. आर्वो आता मासे पकडतो.

संकल्प: शनिवारच्या आत चित्र शिवून टाकायचं. संघातली जागा सोडणार नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर, दु. ४

चित्र स्क्रीनच्या तालावर आणणारं व्ही-सिंक सुरू केलं. चित्र अखंड! एक चीर नाही. बायकोला, सायलाला, हाक मारून दाखवलं. बायको म्हणाली, छान आहे, आता भांडी घास.

सायं. ७

बटण आत्ता दाबतो, गोळी सावकाश निघते. मी मेल्यावर माझी बंदूक वाजते. आठ वेळा मेलो. चित्र मात्र एकदाही फाटलं नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

सुवर्णमध्य काढला. व्ही-सिंक बंद, चित्रांचा वेग बांधून ठेवला. आता थोडं फाटतं आणि थोडा उशीरही होतो. प्रगती आहे.

मी सेटिंगमध्ये गुंतल्यामुळे सरावात माझ्या जागी राइलीआत्या खेळली. इल्पोची आत्या, ग्रंथालयातून निवृत्त, आमची राखीव खेळाडू. जिंकली. तेही जुनाट लॅपटॉपवर. विचारलं, तुमचं चित्र फाटत नाही? म्हणाली, फाटतं की! पण तो माणूस आता कुठे जाणार ते बघावं, चित्राकडे काय बघत बसतोस? बिचारीला यातलं तांत्रिक कळत नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

दिवसभर सेटिंग. सायला म्हणाली, चार दिवसांत प्रत्यक्ष खेळलास किती? तिला मी काय करतोय ते समजावणं अवघड आहे.

शनिवार, ९ नोव्हेंबर, दु. १

सामना आइस हॉकीच्या हॉलमध्ये. स्क्रीन दुलईत गुंडाळून आणली. आत्या दालचिनीचे पाव घेऊन शेजारी बसली. खाता खाता माझ्या सेटिंगमध्ये डोकावली. म्हणाली, वेइयो, ही स्क्रीन सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवते ना? मग इथे साठ का लिहिलंय?

तीन वर्षं साठच होतं. विकत आणली तेव्हापासून.

आत्या म्हणाली, अरे लेका, हँडब्रेक ओढून गाडी हाकत होतास की! दोन क्लिकमध्ये बदलून दिलं. चीर दिसेनाशी झाली. गोळी बोटाबरोबर सुटते. तीन वर्षांचा अन्याय संपला. आता बघाच म्हणावं.

दु. ३

दोन-तेरा. हरलो. चित्र इतकं स्वच्छ होतं की मला मारणारा प्रत्येक जण नीट दिसला. दाबल्याबरोबर गोळी सुटली आणि दर वेळी भिंतीतच गेली. खुर्चीत बसून कारण शोधत राहिलो. एकही सापडलं नाही. आयुष्यात एवढी भीती वाटली नव्हती.

सायं. ६

सौना. इल्पोने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. मग म्हणाला, लेका, पुढच्या महिन्यापासून आत्या खेळेल, तू राखीव. मी म्हटलं, माझी स्क्रीन... तो म्हणाला, आज ठीक होती ना स्क्रीन? त्याने आणखी पाणी ओतलं. डोळ्यांत घाम गेला. घामच असावा.

रविवार, १० नोव्हेंबर, सकाळी ९

झोप नाही. सायला अजून उठलेली नाही. हळूच सेटिंग उघडलं. एकशे चव्वेचाळीसचं पुन्हा साठ केलं. जोरात वळून पाहिलं.

चित्र मधोमध फाटलं. जीव भांड्यात पडला.