गच्चीवरच्या हिरव्या चादरी

मंगळवार, ४ मार्च

अजून तिथेच आहे मेला! सकाळी आमच्या पाण्याच्या टाकीवर होता, दुपारी इस्पितळाच्या धुराड्याकडे सरकला. पांढरा, गोल, गुळगुळीत. परक्या देशाचा फुगा, आणि तोही बरोबर आमच्या डोक्यावर! सरकार म्हणतं हवामानाचा आहे, वाट चुकला असेल. वाट चुकायला ते काय शाळेतून सुटलेलं पोर आहे?

मुलीचा फोन आला. "आई, त्याला म्हणे कॅमेरे लावलेत. खालच्या माणसाच्या हातातला पेपरसुद्धा वाचता येतो." म्हटलं, वाचू दे. आपले मंत्री काय बरळतात ते त्यांनाही कळू दे.

काम काही फुग्यासाठी थांबत नाही. इस्पितळाच्या धुण्याची गाठोडी सकाळीच येऊन पडतात. हे खाली मशीन चालवतात, पिळून टोपलीत भरतात, कप्पीचा दोर ओढतात. मी वर गच्चीत टोपली धरते आणि वाळत घालते. ह्यांचे गुडघे गेल्यापासून असंच. पांढऱ्या चादरी भर उन्हात. हिरव्या टाकीच्या सावलीत, कारण त्या ऑपरेशनच्या खोलीतल्या, उन्हात विटतात. सावली सरकली की हिरव्या उचलायच्या, पुढे न्यायच्या. दिवसभर हाच खेळ.

आज हेही दारात येऊन मान वर करून उभे. "कुठाय गं?" एवढा टपोरा दिसेना! म्हटलं, चष्मा बदला.

बुधवार, ५ मार्च

चहाच्या गाडीवर जुंपली. टायरवाला, त्याला सगळे भोंगा म्हणतात, बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "पाडा म्हणावं! एक तोफ, विषय संपला!"

आमच्या वरच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, "आणि पडला कुठे? तुझ्या दुकानावर?"

"पडू दे! देशासाठी दुकान गेलं तर गेलं!"

"भाड्याचं आहे तुझं दुकान."

सगळे हसले. मीही. पण मी भोंग्याच्याच बाजूची. आपल्या खिडकीतून कोणी डोकावलं तर आधी विचारतो का — बाबा रे, तू हवामान बघतोयस ना? हातात असेल ते फेकून मारतो!

मास्तर म्हणाले, "बाई, सरकार चालवणं म्हणजे चादरी वाळवणं नव्हे." म्हटलं, हो ना, माझ्या चादरी वाळतात तरी!

गुरुवार, ६ मार्च

फुगा तिथेच. सरकारही तिथेच.

शुक्रवार, ७ मार्च

गेला. कोणी पाडला नाही, काही नाही. वारा आला आणि घेऊन गेला समुद्राकडे. आणि तो गेल्यावर आपली विमानं आली! इतकी खालून की माझ्या दोरीवरच्या चादरी उडून मास्तरांच्या खिडकीला चिकटल्या. दिवसभर फोटो काढत होती म्हणे. फुग्याला इथून काय काय दिसलं असेल ते बघायला. म्हणजे चोर गेला, आणि हे घरमालकाच्याच कपाटात हात घालतायत!

टीव्हीवर सभागृह. विरोधी पक्षवाले बाकं बडवतायत — "जाऊ दिलात! का जाऊ दिलात?" मंत्री म्हणतात, "आम्ही पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवून होतो." अहो, लक्ष तर आम्हीही ठेवून होतो. माझी मान अजून दुखतेय!

परवा वाट चुकलेला होता, आज लक्ष ठेवलेला झाला. ह्यांना म्हटलं, तोंड एकच असतं ना माणसाला? हे म्हणाले, हळू बोल. ह्यांचं कायम तेच. म्हणून इथे लिहिते, इथे कोणी हळू म्हणत नाही.

सोमवार, १० मार्च

ह्यांना घेऊन गेले.

 भीतीने नाही, संतापाने लिहितेय.

सकाळीच आले, मशीन चालू होतं. साध्या कपड्यातले पोलीस. एकाने फोटो काढून टेबलावर मांडले. आमची गच्ची! वरून काढलेली. पांढऱ्याच्या रांगा, हिरव्याच्या रांगा. त्याच दिवशीचा दुसरा फोटो, हिरव्या रांगा सरकलेल्या. तिसऱ्यात अजून सरकलेल्या.

"हे काय आहे?"

म्हटलं, "चादरी."

"ते दिसतंय. जागा का बदलतात?"

"सावली बदलते म्हणून."

तो दुसऱ्याकडे बघून हसला. मग एका हिरव्या चादरीवर बोट ठेवलं. "आणि मधे ही चौकोनी भोकं? प्रत्येकीत वेगळ्या जागी?"

"पोट फाडायला!"

दचकला मेला. मग सांगितलं, ऑपरेशन करताना जिथे कापायचं तेवढंच उघडं राहतं, बाकी झाकतात. पोटाची वेगळी, मानेची वेगळी. इस्पितळात जाऊन विचारा. म्हणाला, विचारू. आणि ह्यांना म्हणाला, "चला."

ह्यांनाच का? धंदा ह्यांच्या नावावर, पाटी ह्यांच्या नावाची. बाईमाणूस काय, चादरी टाकणारी. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. हे मुकाट्याने बूट शोधत होते. एवढा शांत माणूस! मलाच म्हणाले, "मशीन बंद कर, पाणी वाहतंय."

मंगळवार, ११ मार्च

आज सभागृहात मंत्री उभे राहिले आणि म्हणाले — "परकीय टेहळणीला जमिनीवरून खुणा करणारा स्थानिक हस्तक आम्ही पकडला आहे." बाकं वाजली. हस्तक! आमचे हे! ज्यांना फुगा दाखवूनसुद्धा दिसला नाही!

मला वाटलं आता विरोधी पक्षवाले तरी विचारतील — पुरावा काय? कोण माणूस? करतो काय? छे! त्यांचा पुढारी उठला आणि गरजला, "पकडायला इतके दिवस का लागले?"

म्हणजे दोघांनाही हे हेरच हवेत. ह्यांना पकडलं म्हणून सरकार मोठं, उशिरा पकडलं असं ओरडले म्हणून विरोधी पक्षवाले मोठे. फुग्याला दगड मारायची कोणाची छाती झाली नाही. धोब्याला धरायला मात्र सगळे वाघ!

हातातला पेला टीव्हीवर फेकणार होते. मुलगी आलीय, तिने हात धरला.

बुधवार, १२ मार्च

वकील मिळाला. काडीसारखा माणूस, बोलतो मात्र नीट. म्हणाला, "बाई, तुम्ही कुठे काही बोलू नका. कोणाशीच नाही. मला माझ्या पद्धतीने करू द्या. इस्पितळातून साक्ष आणतो, वेळ लागेल."

"किती वेळ?"

"लागेल."

जाळीतून ह्यांना बघितलं. चेहरा लहान झालाय. खाली बसवतात, उठताना भिंत धरावी लागते. मी म्हटलं, मारलं का? म्हणाले नाही, फक्त विचारतात, रोज तेच विचारतात. मग म्हणाले, "मशीनचा पट्टा सैल झालाय, घट्ट करून घे." मी बाहेर येऊन रडले. मुलीला दिसू दिलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

इस्पितळाने गाठोडी बंद केली. मोठ्या नर्सबाई स्वतः येऊन सांगून गेल्या. "वरून आदेश आहे हो, माझ्या हातात काही नाही." म्हटलं, साक्ष द्याल? तर पर्समध्ये काहीतरी शोधत बसल्या. ह्याच बाई दर आठवड्याला म्हणायच्या, तुमच्यासारख्या चादरी कोणी धूत नाही!

भोंगा समोरून जातो, मान खाली. परवापर्यंत देशासाठी दुकान देत होता. आज साधं "काय वहिनी" म्हणायची चोरी. मास्तर मात्र खाली उतरून आले, तासभर बसले. काही बोलले नाहीत. बरं झालं. बोलले असते तर मी भांडले असते.

दुपारी विरोधी पक्षाचा एक जण आला. पांढरेशुभ्र बूट. म्हणाला, "ताई, उद्या टीव्हीवर चर्चा आहे, तुम्ही या. एका गरीब बाईचा आवाज देशाला ऐकू द्या." म्हटलं, सभागृहात तुम्हीच ओरडत होता ना, उशीर का केला म्हणून? तो म्हणाला, "ते राजकारण. हे वेगळं."

वकिलाला फोन केला. "अजिबात जायचं नाही," म्हणाला. मुलगी म्हणाली, "आई, तुझं तोंड तुला माहीत आहे."

माहीत आहे. म्हणूनच जाणार.

शनिवार, १५ मार्च

जाऊन आले!

एवढे दिवे, एवढी थंडगार खोक्यासारखी खोली. तोंडाला पावडर फासली. एकीकडे सरकारचा माणूस, मध टपकावा तसा बोलणारा. दुसरीकडे पांढरे बूट. मधे चर्चा चालवणारा, तो ओरडणारा. मला एका कोपऱ्यात बसवलं आणि विसरून गेले. तास संपत आला तरी हे दोघे आपलेच भांडतायत — तुमच्या काळात फुगे आले नव्हते का, तुम्ही किती पाडले, तुम्ही कोणाचे मिंधे. आमच्या ह्यांचं नावसुद्धा कोणी घेत नव्हतं, नुसतं "तो आरोपी", "तो आरोपी".

शेवटी सरकारचा माणूस म्हणाला, "हा आरोपी रोज गच्चीवर उभा राहून, डोक्यावरच्या फुग्याकडे बघत, पद्धतशीर खुणा मांडत होता. आमच्याकडे चित्रं आहेत."

तळपायाची आग मस्तकात गेली. उभीच राहिले. कोणीतरी बसा बसा करत होतं.

म्हटलं, "अहो, तो माणूस गच्चीवर चढतच नाही! गुडघे गेलेत त्याचे. कित्येक वर्षांत त्याने गच्चीवरून आकाश बघितलं नाही. डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना विचारा! चादरी मी टाकते. मी! कुठली कुठे टाकायची, कधी सरकवायची, सगळं मी ठरवते. त्याला हिरव्या किती नि पांढऱ्या किती तेसुद्धा माहीत नसतं. कोणाला पकडलंत कळतंय का तुम्हाला?"

एकदम चिडीचूप! दोघेही! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा दोन पक्षांचं एकमत झालं — गप्प बसायचं.  पांढऱ्या बुटांनी खुर्ची जरा लांब सरकवली.

घरी आले तर मास्तर जिन्यातच उभे. माझा हात हातात घेतला, सोडेचनात. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. रंग उडालेला. म्हटलं, अगं, आता सोडावंच लागेल त्यांना! ती "हो" म्हणाली आणि आत गेली.

रविवार, १६ मार्च

वकील फोन उचलत नाही. रागावला असेल. रागावू दे. त्याचं "लागेल, लागेल" ऐकत बसले असते तर हे तिथेच म्हातारे झाले असते.

दुपारी ठाण्यातून निरोप आला. उद्या सोडतायत! मशीनचा पट्टा आवळून घेतला. ह्यांचा पलंग खालच्या खोलीत आणवला. भोंग्याने एक बाजू धरली. मुलीने माझी साडी धुऊन, इस्त्री करून ठेवली. कशाला, विचारलं तर म्हणाली, असू दे.

सोमवार, १७ मार्च

हे आले. सुकलेत, दाढी वाढलीय, पण आले. पलंगावर बसवलं, चहा दिला. ह्यांना उतरवून जीप परत जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. एक पोलीसबाई आत येऊन उभी राहिली, वयाने आमच्या मुलीएवढी. म्हणते, "मावशी, सावकाश आवरा. चादरी कोण टाकतं ते आता साहेबांना कळलंय."

म्हटलं, कळलं ना? मग चला.