बाबांची जागा

किताओ, १२ ऑक्टोबर १९७८

प्रिय चिझुताई,

टेकडीवर गारठा उतरलाय. दाजींची कंबर आता बरी असेल. आमची भातकापणी उरकली. सातोए मजेत आहे. नवरा घरात टिकत नाही म्हणून माझ्यावर कुरकुरते, एवढंच.

टिकणार कसा? मात्सुताके अळंबीचे दिवस. दर शरदात टोपली भरून आणणाऱ्या बाबांनी ती उगवते कुठे, ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजारपणात विचारलं, तर भिंतीकडे तोंड फिरवलं. पोटच्या पोरावर विश्वास नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असणार. आधी शेजारच्या ओगाताचा संशय आला. त्याच्या मागोमाग टेकडी चढलो, तर म्हणतो कसा, "मोरिहिको, लघवीला तरी एकट्याला जाऊ दे!"

मग राहिलीस तू. टेकडीपलीकडे तुझं सासर, बाबांची तू लाडकी, आणि विषय काढला की तू चहाच ओतायला घेतेस. म्हणून परवा तुला न कळवता तुमच्या हिगाशिनोच्या बाजारात आलो. तू अळंबी विकतेस का, ते बघायला. लाज वाटते, पण आलो.

कोपऱ्यावरच्या कुमे आजीनं मला निरखलं. "कपाळ अगदी बापाचं! दर वर्षी माझ्याकडूनच न्यायचा. मी मागवते लांबच्या डोंगरातून, आणि हा वर माती चोळायला लावायचा. म्हणे, पोराला वाटलं पाहिजे आत्ताच उपटलीत."

"आजी, तुम्ही माणूस चुकताय."

"चुकते कशी? तुमच्या टेकडीवरचे पाइन किडीनं वाळले, त्यांच्या मुळाशी उगवणारी अळंबीही संपली, तेव्हापासून यायचा. टोपली धरायला त्याची लेक असायची की!"

ताई, जागाच उरली नव्हती. सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि मी त्यांच्यावर रुसून बसलो. तुला चोर समजत राहिलो. ते तू समजू दिलंस, बाबांना मात्र खोटं पडू दिलं नाहीस. भर बाजारात उभ्या उभ्या रडलो मी.

घरी, आजीकडूनच भरून आणलेली टोपली बघून सातोएनं विचारलं, "सापडली जागा?"

म्हटलं, "सापडली. पण सांगणार नाही."

तेव्हापासून ती माझ्याकडे, मी ओगाताकडे बघायचो तशी बघते.

अर्धी अळंबी पाठवतोय. माती मीच चोळलीय, नीट धुऊन घे.

आपल्या दोघांनाच ठाऊक असलेल्या जागेवरून,
तुझा धाकटा
मोरिहिको