मोडेमच्या पलीकडचं माणूस

उरण, शनिवार, दिवेलागण

आज शेवटी माडीवर गेलेच. महिनाभर हे संध्याकाळी दार लावून बसतात आणि आतून मोडेमची ती कर्कश शिट्टी येते. घरातला टेलिफोन कधीच काढून टाकला, मग ही शिट्टी कुणासाठी? बाईच असणार, असं मी धरूनच चालले होते.

आत टीव्हीवर गाड्यांची शर्यत चाललेली! ह्यांनी जुन्या व्हिडिओ गेमला मोडेम आणि एक चिमुकला कॉम्प्युटर जोडून टेलिफोनच्या तारेशिवायच इंटरनेटवर नेलं होतं. "समोर खेळतोय तो प्रशांत हाय, नाव बघ," म्हणाले. प्रशांत भाऊजी, माझे धाकटे दीर! बंदरासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून भांडून घर सोडलं, तेव्हापासून फोनसुद्धा उचलत नाहीत. लहानपणी दोघे भाऊ ह्याच गेमवर खेळायचे.

मला पटेना. नाव काय, कुणीही लावेल. गोड बोलून ह्यांच्याकडून जमिनीचं काही काढून घेत असेल तर? म्हटलं, "इचारा त्याला, आपल्या लग्नात माझ्या शालूवर काय सांडलं होतं?"

हे वैतागले, पण शर्यत संपल्यावर त्यांनी टाईप केलं. मी पडद्यावर डोळे लावून मनात दहापर्यंत मोजलं. मी म्हटलं, "बघा! न्हाय ना ठाऊक?"

तेवढ्यात अक्षरं उमटली. "सोलकढी. मीच सांडली. वहिनी बाजूला हाय ना?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला पुढचं नीट दिसेचना.

"हाय म्हणून लिवा," मी म्हटलं, "आणि इचारा, जेवले का."