पांदणीकडचा कापूस

आत्याबाई, आज दुपारभर तुमच्या शेतात खुर्ची टाकून बसले होते. हो, खुर्ची. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, शेतात आली का लग्नात? पण माझे गुडघे आता तुमच्याहून म्हातारे झालेत, कारण तुम्ही ज्या वयात गेलात ते वय मी कधीच मागे टाकलं. नातवानं प्लास्टिकची खुर्ची धुऱ्यावर, शेताच्या कडेला, आणून ठेवली, समोर वजनकाटा, आणि काट्याच्या दोन बाजूंना कापसाचे दोन ढीग. ते दोन ढीग पाहिले आणि तुमच्याशी बोलल्यावाचून राहवेना. घरात आता तुम्हाला आत्याबाई म्हणणारी मी एकटीच उरले आहे. बाकीच्यांना तुम्ही फोटोतल्या पणजी.

मी सून म्हणून आले ते पन्नास सरून साठाचं दशक लागता लागता. मी अकोल्याची, वडील तिथल्या कापूस बाजारात तोलाईचं काम करायचे. तुमचं गाव चांदूर रेल्वेकडचं, आणि घरचे दोघेही पुरुष, मामंजी आणि तुमचा मुलगा, बडनेऱ्याला रेल्वेत. दोघं शनिवारी गाडीनं यायचे, सोमवारी जायचे. शेत तुमच्या हातात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत तेव्हा मला वाटलं, आता भाकर थापायला लावून परीक्षा घेणार. माझी भाकर म्हणजे नकाशाच होता. तुम्ही मात्र चुलीपुढून मान वर न करता विचारलंत, "तराजू धरता येते का तुले?" मी म्हटलं, येतो. तुम्ही उठलात, खुंटीवरचा मोठा तराजू काढलात, पदरानं त्याची पारडी पुसलीत आणि माझ्या हातात दिलात. "मंग आजपासून हा तुहा. भाकरी मी पाहतो." पुढे सोन्याचंही काही काही मिळालं मला या घरात, पण त्या तराजूएवढा आनंद कशाचाच झाला नाही.

तुमच्या शेताचं दुखणं साधं होतं. जमीन उताराची. दर पावसाळ्यात वरची काळी माती धुऊन नाल्यात जायची आणि दिवाळीपर्यंत वरच्या अंगाला खडे दिसायला लागायचे. शेतीखात्याचे एक साहेब सायकलवर यायचे, त्यांनी उताराला आडवे बांध घालायचं सुचवलं, दुर्बिणीसारखं यंत्र लावून रेषाही आखून दिल्या. साहेब म्हणाले, सगळ्या शेतात घाला. तुम्ही म्हणालात, "निम्म्यातच घालतो. निम्मं तसंच राहू द्या. नाही तं समजन कसं?" साहेब इतके खूश झाले की चहा मागून प्यायले. पांदणीच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या वाटेच्या, बाजूचा निम्मा भाग मोकळा ठेवला आणि नाल्याकडच्या निम्म्यात बांध घातले. बी एकच, पेरणी एकाच दिवशी, शेणखताच्या गाड्याही सारख्या. बांधाच्या भागात पेरणी बांधाला धरून वाकडी करावी लागली, तर गावभर झालं की बाईचे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, दारू पिऊन आले. तुम्ही त्यावर त्या लोकांपेक्षा जास्त हसलात. बांधानं जमीन अडवली म्हणून बांधावरच अंबाडी आणि तूर लावलीत. "त्यानं जागा खाल्ली ना, मंग त्यानंच कमवून द्यावं," म्हणालात. माती वाचवा असं सांगणारे पुष्कळ भेटले मला पुढे. तुम्ही तसं कधी सांगितलं नाहीत. तुमचं एकच: "मातीसाठी कोनी बांध घालत नाई माय. परवडला पाह्यजे."

आता वरच्या शेताचं. ते चाचांचं. चांदूरला त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण जीव सगळा शेतात. तुम्ही त्यांना भाई म्हणायचात, मी चाचा. पहिल्याच जोराच्या पावसात त्यांच्या शेतातलं पाणी लोंढ्यानं खाली आलं आणि तुमचा सगळ्यात वरचा बांध मधोमध फुटला. तुम्ही तो बुजवलात, तर पाणी अडून त्यांच्या खालच्या तासांत तुंबलं. धुऱ्यावर तुम्ही दोघं समोरासमोर उभे, मी मागे, आणि मला वाटतंय की आता हे भांडण कोर्टात जाणार. तुम्ही म्हणता, "भाई, तुमच्याही शेतात बांध घाला, मंग मायावर लोंढा येनार नाई." चाचा म्हणतात, "बाई, तुमच्या बांधापायी मी काहून आपली जमीन घालवू? फायदा दाखवा. एक हंगामाचा कापूस दाखवा. बांधाचा हिस्सा भारी भरला तं मीबी घालतो. नाई भरला तं तुमी तुमचे फोडा, माया पान्याले रस्ता द्या." तुम्ही हो म्हणालात. एवढं पटकन हो म्हणालात की मलाच राग आला. बांध फोडायचे म्हणजे माती पुन्हा नाल्यात, आणि तुमची उन्हाळाभराची मेहनत तिच्यामागे.

वेचणी सुरू झाली. वेचणाऱ्या बायांना मजुरी वजनावर, त्यामुळे प्रत्येकीचं गाठोडं रोज तोलायचं असायचंच. तुम्ही त्यात फक्त एक प्रश्न घातलात. तोलताना मी विचारायचं, कुठला? नाल्याकडचा की पांदणीकडचा? नाल्याकडचा कापूस खिडकीखाली, पांदणीकडचा दाराशी. समोरच्या खोलीत दोन ढीग वाढत गेले, आणि खिडकीखालचा असा वाढला की खिडकी दिसेना. मी तर हवेत होते. चाचा एक दिवस येऊन पाहून गेले. दोन्ही ढिगांपुढे उभे राहिले, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मानलं बाई. उन्हाळ्यात बैल लावतो." तुम्ही त्यांना गुळाचा चहा दिलात आणि ते गेल्यावर गाणं गुणगुणत भांडी घासलीत. तुम्हाला गाताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि सूर फारसा बरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापूस गाडीत भरायचा होता. तुम्ही खिडकीखालच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातलात आणि तसाच बाहेर काढून उजेडात धरलात. हात मातकट झाला होता. पांदणीनं दिवसभर गाड्या जायच्या, तिची धूळ त्या बाजूच्या बोंडांवर बसायची. नाल्याकडचा कापूस स्वच्छ असायचा. तुम्ही आणखी दोन-तीन ठिकाणी हात घालून पाहिलात आणि जमिनीवर बसलात. मग बायांना बोलावलंत. सगळ्यांत थोरली होती ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "आमीच टाकला बाई. थोडा थोडा, सगळ्याईनं. पांदनीकडचा वेचून नाल्याकडचा सांगत होतो. तुमचा बांध हारला असता तं त्यानं फोडाले लावला असता ना." त्यांच्या मजुरीत एका पैचा फरक पडत नव्हता. बांध जिंकावा म्हणून केलं होतं, तुम्ही आवडत होतात म्हणून. तुम्ही त्यांच्यावर ओरडलात, मग डोळे पुसलेत, मग पुन्हा ओरडलात, आणि शेवटी सगळ्यांना अंबाडीची भाजी नि भाकर वाढलीत. "तुमी मायासाठी केलं," वाढता वाढता म्हणालात, "पन आता मले काईच समजून नाई राहिलं."

त्या जेवून गेल्यावर मी शहाणपणा केला. म्हटलं, जाऊ द्या ना आत्याबाई, बांध चांगलाच आहे, चाचा तयार झालेत, कशाला सांगायचं? तुम्ही माझ्याकडे वळून तीनच शब्द बोललात: "तुले कसं मालूम?" आवाज चढवला नाहीत. तुम्हाला खरंच उत्तर हवं होतं. आजवर मला पुष्कळांनी पुष्कळ बोल लावले, पण कानात राहिलेला तो एकच.

लगेच तुम्ही वर निघालात, मी मागोमाग. चाचा शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होते. तुम्ही उभ्या उभ्या सांगितलंत, "भाई, तो ढीग धरू नका. बायकाईनं त्याच्यात पांदनीकडचा टाकला. खरा किती, मले मालूम नाई." मला वाटलं, आता ते म्हणणार, फोडा बांध. त्यांनी हातातली पऱ्हाटी खाली ठेवली. "कोनी सांगितलं हे तुमाले?" "कोनी नाई. हात घातला, धूळ लागली." चाचा हसायला लागले. "तं मंग राहू द्या बाई. आता नाई दाखवला कापूस तरी चालते मले. बैल लावतोच." आणि तुम्ही काय करावं? तुम्ही भांडायला लागलात! "नाई भाई, मापल्याबिगर नाई. निम्म्यातच घाला. निम्मं ठेवा." ज्यानं बांध घालावा म्हणून हंगामभर जीव टाकलात, त्यालाच तुम्ही अडवताय. मला हसू आवरेना. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला की घरी येताना तुमचा हात धरावासा वाटला. सासूचा हात धरायची तेव्हा रीत नव्हती, म्हणून पदराचं टोक धरलं. तुम्हाला वाटलं काट्यात अडकला, आणि तुम्ही तो ओढून घेतलात.

पुढच्या हंगामात तुम्ही वेचणीच बदललीत. एका दिवशी एकाच बाजूचा कापूस वेचायचा, दुसऱ्या बाजूला कोणी पाय ठेवायचा नाही. मग मिसळायला काही उरलंच नाही. बांधाचा भाग भारी भरला, पण आदल्या वर्षीच्या लबाड ढिगाइतका नाही. आणि त्यातही खालचा कोपरा तुम्ही वेगळा तोललात तेव्हा तो चक्क हलका निघाला. तिथं बांधाला पाणी तुंबून झाडं पिवळी पडली होती. दुसरं कोणी असतं तर तो कोपरा मोठ्या ढिगात मिसळून गप्प बसलं असतं. तुम्ही जास्तीचं पाणी निघायला बांधाला दगडी सांडवा काढलात, कोपऱ्यात कापूस बंद करून गवत लावलंत, आणि ते गवत म्हशीवाल्यांनी उभं असतानाच विकत घेतलं. मग दर वर्षी तेच. ज्या पट्ट्याचं जे वजन, त्याप्रमाणे त्या पट्ट्यात काय लावायचं ते ठरायचं. चाचांच्या निम्म्या भागाचंही त्यांच्या ओसरीत तोलून झालं, मग त्यांनी उरलेल्या निम्म्यात बांध घातले, आणि लोंढा थांबला. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या शेताच्या वरच्या अंगाला खडे दिसत नव्हते.

आता आजचं सांगते. नातू शेतीचं शिकून आलाय. त्याच्या फोनमध्ये आपल्या शेताचा नकाशा आहे, कुठे ओल, कुठे उतार, सगळं रंगांत. हल्ली पाऊस तुमच्या वेळेसारखा पडत नाही, महिनाभर दडी मारतो आणि मग एकदम कोसळतो. नातू म्हणाला, आजी, मधल्या बांधाला पाणी तुंबतंय, तो काढू आणि उताराला जरा तिरपे रुंद वरंबे घालू, म्हणजे ओलही राहील आणि जास्तीचं पाणी निघून जाईल. मी कडाडले. म्हटलं, तुझ्या पणजीचा बांध आहे तो, चांगला आहे, हात लावायचा नाही. पोरगं शांतपणे म्हणालं, "आजी, तुला कसं माहीत?" त्यानं तुम्हाला पाहिलेलंही नाही. मग मीच म्हटलं, निम्म्यात कर. निम्मा बांध ठेव.

आज शेवटची वेचणी तोलली. मीच तोलली, त्याला काट्याला हात लावू दिला नाही. आत्याबाई, तुमचा बांध हरला. थोडक्यानं, पण हरला. उरलेला निम्मा या उन्हाळ्यात निघेल, मी हो म्हटलंय. हे पत्र कुठं धाडायचं ते मलाही ठाऊक नाही. एक मात्र तुम्हालाच सांगायचं होतं, नातवाला नाही. तोलायच्या आधी तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी वरंब्याकडच्या ढिगातला ओटीभर कापूस उचलला होता आणि तुमच्या ढिगापर्यंत नेला होता. तिथं जरा वेळ उभी राहिले. मग परत नेऊन टाकला.